कानाचा न्याय, पडद्याची साक्ष

घरच्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्याला शेवटी गळा, तंबोरा आणि तबला यांचा तोल साधावा लागतो. हे मिश्रण कानाने करावे, की संगणकाच्या पडद्यावरील आलेख पाहून?

कान फसतात, आणि फसवते ती बहुधा खोली. समोरासमोरच्या भिंतींत आठ फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ७० हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यामध्ये अडकून राहतो. भिंतीपाशी तो घुमतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. डग्ग्याचा खालचा घुमारा याच टापूतला. मध्यभागी बसलेला माणूस तो कमी समजून वाढवत राहतो. आलेख मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो. त्याला खोली फसवू शकत नाही.

पण आलेखात दिसते ती ऊर्जा. ऐकू येणे निराळे. हळू आवाजात कान खर्जाच्या बाबतीत फार मंद होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणजे समान उंचीचे दोन खांब कानाला समान नसतात. शिवाय मोठा आवाज जवळपासचा नाजूक आवाज झाकतो. आलेखात ठळक दिसणारा तंबोरा गळ्यामागे हरवलेला असू शकतो.

म्हणून आधी डोळे मिटून तोल ठरवावा. मग खर्ज तेवढा ओळखीच्या, चांगल्या ध्वनिमुद्रणाच्या आलेखाशी ताडून पाहावा. निकाल मात्र पुन्हा ऐकूनच द्यावा. श्रोत्यासमोर आलेख नसतो, गाणे असते.