दोष ग्रहणाचा नाही, सुनेचाही नाही

काही दिवसांपूर्वी एक बाई तीन महिन्यांचे बाळ घेऊन दवाखान्यात आल्या. सोबत सासूबाई होत्या. बाळाचे डोळे किंचित तिरपे, नाक बसके, हातपाय सैल. गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल हातात होता आणि त्यात ‘डाऊन्स सिंड्रोम’ असे निदान होते. मी बोलायला सुरुवात करताच सासूबाई म्हणाल्या, ‘‘आम्हाला ठाऊक आहे डॉक्टर. सहाव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं. नको नको म्हणत होते, तरी हिनं विळीवर भाजी चिरली.’’ सून मान खाली घालून बसली होती. तिलाही ते पटलेले दिसत होते, याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्या दोघींना जे सांगितले, तेच आज इथे लिहितो.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. जखम भरते, कातडी नवी येते, तेव्हा पेशी या ४६ गुणसूत्रांची नक्कल करून दोन सारख्या पेशी तयार करते. पण स्त्रीबीज आणि शुक्राणू याच रीतीने तयार झाले असते, तर मुलात ९२ गुणसूत्रे आली असती आणि नातवात १८४! म्हणून बीजपेशी तयार करताना निसर्ग वेगळी पद्धत वापरतो. गुणसूत्रांची नक्कल एकदाच होते, पण पेशीचे विभाजन मात्र लागोपाठ दोनदा. त्यामुळे प्रत्येक बीजाच्या वाट्याला जोडीतले एकच गुणसूत्र येते, एकूण २३. शाळेत यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणून शिकवतात.

ही नुसती निम्मी वाटणी नसते. पहिल्या विभाजनाआधी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना अगदी चिकटून उभी राहतात आणि आपले तुकडे अदलाबदल करतात. दोन माळा शेजारी ठेवून एकाच जागी तोडाव्यात आणि उलटसुलट जोडाव्यात, तसे. म्हणजे तुम्हाला आजोबांकडून आलेले आणि आजीकडून आलेले गुण एकाच गुणसूत्रावर येतात. त्यानंतर कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोणत्या बीजात जायचे, हे पत्ते पिसून वाटल्यासारखे ठरते. तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली, तरी एका माणसाकडून ८३,८८,६०८ प्रकारची बीजे तयार होऊ शकतात. आईची बीजे आणि वडिलांची बीजे मिळून हा आकडा ७० लाख कोटींच्या वर जातो. एकाच आईबापांची पोरे, पण एक गोरा आणि एक सावळा, एकाला गोड गळा आणि दुसरा बेसूर, ते यामुळेच. (मुलगा की मुलगी हेही या वाटणीतच ठरते, आणि ते ठरवणारे गुणसूत्र वडिलांच्या शुक्राणूतून येते. हे कितीदा लिहिले तरी सुनांची बोलणी थांबत नाहीत. असो.)

आता मुख्य मुद्दा. पुरुषात ही क्रिया वयात आल्यावर सुरू होते आणि रोज नव्याने चालू राहते. स्त्रीचे तसे नाही. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडकोशातील पेशी या विभाजनाला आरंभ करतात आणि अर्ध्यावर थांबतात. पुढे वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एक पेशी जागी होऊन पहिले विभाजन पुरे करते. दुसरे तर शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होते. म्हणजे तिशीतल्या बाईचे स्त्रीबीज तीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहत थांबलेले असते. एवढ्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे प्रथिनांचे बंध सैल पडतात. मग एखादी जोडी नीट सुटी होत नाही आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात जातात. २१ व्या जोडीचे असे झाले, तर बाळात ४७ गुणसूत्रे येतात. डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी या मुलांचे वर्णन १८६६ साली केले होते. पण एक गुणसूत्र जास्त असते हा उलगडा १९५९ साली फ्रान्समध्ये झाला.

विशीतल्या आईच्या बाबतीत सुमारे दीड हजार बाळांत एकाला हा दोष आढळतो, पस्तिशीत साडेतीनशेत एकाला, चाळिशीत शंभरात एकाला. दहातल्या एखाद्या बाळात चूक वडिलांच्या बाजूने झालेली असते. आणि ‘बाजू’ म्हटले तरी त्यात कोणाची करणी नसते.

मी सासूबाईंना म्हटले, ‘‘आजी, बाळाची गुणसूत्रे गर्भ राहिला त्या दिवशीच ठरून गेली होती. सहाव्या महिन्यात ती विळी घेऊन बसली काय किंवा अंधाऱ्या खोलीत बसली काय, ४७ ची ४६ व्हायची नव्हती.’’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

पुढच्या बाळाचे काय, असे सुनेने हळूच विचारले. अहवालात २१ वे गुणसूत्र सुटे जास्त होते. अशा वेळी आईचे वय कमी असेल, तर पुन्हा तसे होण्याची शक्यता शंभरात एक इतकीच असते. थोड्या मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. तेव्हा मात्र आईवडील दोघांचीही तपासणी करावी लागते. म्हणून तो कागद जपून ठेवायचा. पुढच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी व रक्ततपासणी आणि शंका आल्यास गर्भजल परीक्षा करता येते. ही परीक्षा अशा दोषासाठीच आहे. तिच्यातून मुलगा-मुलगी सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आधी हातातले बाळ. अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून टूडी इको लगेच करायचा. थायरॉइड, कान आणि डोळे तपासायचे, आणि स्नायूंचे व्यायाम आतापासूनच सुरू करायचे. ही मुले उशिरा बसतात, उशिरा बोलतात, पण शिकतात. हल्ली नीट उपचार मिळाल्यास त्यातली कितीतरी साठीपर्यंत जगतात.

निघताना सासूबाईंनी बाळाला स्वतःकडे घेतले आणि विचारले, ‘‘ते हृदयाचं तपासायला कुठं जावं लागंल?’’