माहेर हैदराबाद!

परवा भल्या पहाटे भाचीचा अमेरिकेतून फोन. "मावशी, ओळख पाहू मी कुठे आहे? मद्रासला!"

मी अर्धवट झोपेत. म्हटलं, अगं, मद्रासचं चेन्नई होऊन किती वर्षं झाली! आणि तू न कळवता इकडे आलीसच कशी? तर बाईसाहेब ओरेगन राज्यातल्या मद्रास नावाच्या चिमुकल्या गावात पेट्रोल भरायला थांबल्या होत्या. गावाची पाटी दिसली, लगेच मावशीला फोन!

झोप तर उडालीच होती. चहा ठेवला आणि मोबाइल घेऊन बसले. आता गंमत बघा. या मद्रासला नाव मिळालं ते 1903 साली, तेही म्हणे आपल्या मद्रासच्या सुती कापडावरून. आपलं मद्रास 1996 मध्ये चेन्नई झालं, त्यांचं अजून मद्रासच आहे. न्यूयॉर्क राज्यात एक दिल्लीसुद्धा आहे. तिथल्या एका बड्या असामीला लोक थट्टेनं 'ग्रेट मुघल' म्हणायचे, म्हणून गावाला नाव दिल्ली. उच्चार मात्र 'डेल-हाय'!

नावांच्या या सारखेपणानं गोंधळही कमी घातलेले नाहीत. 2002 साली एक ब्रिटिश जोडपं सिडनीला म्हणून निघालं आणि उतरलं कॅनडातल्या सिडनीत. 2008 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं शहराच्या कौतुकाची लाखो पत्रकं छापली, त्यावर फोटो होता अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचा. वाचताना मी एकटीच हसत होते. पण हसता हसता एकदम आमच्या आंटी आठवल्या आणि घशात काहीतरी अडकलं.

माझं लहानपण कल्याणातलं. शेजारी सिंधी कुटुंब. तिथल्या गृहिणीला आम्ही मुलं आंटी म्हणायचो आणि आई भाभी म्हणायची. त्यांच्याकडची गरमगरम कोकी आणि आमच्याकडची पुरणपोळी, अशी वाटी-ताटलीची देवाणघेवाण अखंड चाले. 'तुमचं गाव कुठलं?' असं कुणी विचारलं की आंटी एकच शब्द सांगायच्या, "हैदराबाद." आमच्या डोळ्यांसमोर लगेच चारमिनार!

मे महिना आला की आमची चाळ अर्धी रिकामी व्हायची. सगळ्या बायका मुलंबाळं घेऊन माहेरी. आंटी तेवढ्या इथेच. एकदा आईनं आपल्या मराठमोळ्या हिंदीत विचारलंच, "भाभी, हैदराबादची गाडी तो कल्याण से ही जाती है, फिर मायके को क्यूं नहीं जाती तुम?" आंटी नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "वो गाड़ी मेरे मायके नहीं जाती." आईला वाटलं, माहेरी काही भांडणतंटा असेल. विषय तिथेच संपला.

माझं लग्न झालं. 1999 मध्ये यांच्या ऑफिसच्या कामाबरोबर मीही हैदराबादला गेले. चारमिनारजवळच्या लाड बाजारात फिरताना आंटींची आठवण झाली. खड्यांच्या लाखेच्या बांगड्या घेतल्या, वर कराची बेकरीची फ्रूट बिस्किटं घेतली. कल्याणला आल्या आल्या त्यांच्याकडे गेले आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "आंटी, तुमच्या माहेरच्या बांगड्या!"

त्यांनी बांगड्या हातात चढवल्या. मग बिस्किटांचा डबा घेतला, चष्मा लावून त्यावरचं नाव वाचलं. 'कराची' या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "बेटा, ये चूड़ियां मेरे मायके की नहीं. ये डिब्बे का नाम है ना, ये नज़दीक है."

त्या दुपारी पहिल्यांदा मला कळलं की हैदराबाद दोन आहेत. आंटींचं हैदराबाद सिंधमधलं, सिंधू नदीच्या काठचं. आपलं दख्खनचं हैदराबाद 1591 चं, त्यांचं 1768 मध्ये गुलाम शाह कल्होरोनं वसवलेलं. 1843 मध्ये इंग्रज येईपर्यंत सिंधची राजधानी तेच होतं. तिथल्या घरांच्या छपरांवर 'मंघ' असायचे, म्हणजे वारा पकडून खालच्या खोल्यांत सोडणारे धुराड्यासारखे झरोके. "हमारे घर में पंखा नहीं था, ज़रूरत ही नहीं थी," आंटी सांगत होत्या. आणि बांगड्या? त्याही तिकडे आहेतच. दख्खनच्या हैदराबादेत लाखेच्या, सिंधच्या हैदराबादेत काचेच्या!

1948 च्या सुरुवातीला दहा-अकरा वर्षांच्या आंटी आईवडिलांबरोबर कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या आणि तिथून कल्याण कॅम्पात. लष्कराच्या त्या छावणीलाच 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. घरातून निघाले त्या दिवशी छतावर पापड वाळत घातले होते. आईनं ते काढू दिले नाहीत. म्हणाली, परत आल्यावर काढू.

मी विचारलं, "आंटी, मग इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, सुरुवातीला सांगायचे. पण 'सिंधचं' म्हटलं की समोरचा लगेच म्हणायचा, म्हणजे पाकिस्तान! मग त्याच्या नजरेत काहीतरी बदलायचं. त्यापेक्षा हैदराबाद म्हणावं आणि गप्प बसावं. लोकांनी चारमिनार समजायचा तर समजू दे. एकदा एका कचेरीत फॉर्म भरताना अंकलनी राज्य म्हणून 'सिंध' लिहिलं, तर कारकून म्हणाला असं राज्यच नाही, आणि त्यानं स्वतःच 'आंध्र प्रदेश' लिहून टाकलं. अहो, ज्याचं नाव आपल्या राष्ट्रगीतात आहे, ते फॉर्मात मावत नाही! अंकल भांडायला निघाले होते. आंटींनीच थांबवलं.

आई तेव्हा होती. तिला हे सगळं सांगितलं, तर ती बराच वेळ बोललीच नाही. संध्याकाळी स्वतः उठून आंटींकडे गेली. दोघी काय बोलल्या कोण जाणे, पण त्या मे महिन्यात आई मामाकडे निघाली तेव्हा आंटीही बरोबर होत्या. पुढेही जमेल तसं त्या जात राहिल्या.

त्या बेकरीचं सांगायचं राहिलं. कराची बेकरी 1953 साली दख्खनच्या हैदराबादेत काढली ती सिंधहून आलेल्या एका निर्वासितानंच. आणि तिकडे सिंधच्या हैदराबादेत केकसाठी नावाजलेली 1911 सालची बेकरी आहे, तिचं नाव 'बॉम्बे बेकरी'! ती काढणाराही सिंधी हिंदूच. 2019 साली पुलवामानंतर बंगळूरमधल्या कराची बेकरीसमोर जमाव जमला आणि पाटीवरचं 'कराची' झाकावं लागलं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी आंटींकडेच बसले होते. त्यांनी सुनेला टीव्ही बंद करायला सांगितला आणि माझ्याशी लोणच्याबद्दल बोलायला लागल्या.

आता त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. परवाच्या फोननंतर राहवेना, म्हणून रविवारी भेटून आले. भाचीच्या मद्रासची गंमत ऐकून खूप हसल्या. शेजारी नातू त्यांचा कसलासा फॉर्म मोबाइलवर भरत होता. जन्मगावापाशी थांबून त्यानं विचारलं, "दादी, इसमें अब हैदराबाद के आगे तेलंगणा आ रहा है. क्या करूं?"

आंटींनी हातातली बशी खाली ठेवली. "देख," मला म्हणाल्या, "मैं यहीं बैठी हूं, और मेरा मायका दूसरी बार राज्य बदल रहा है."