तंजावरची पहिली फेरी : शिलालेखांच्या वाटेने

तंजावर ही चोळ, नायक व भोसले या तिन्ही राजकुलांची राजधानी. नवागताची दृष्टी प्रथम बृहदीश्वराच्या शिखराकडे जाते. मार्गदर्शकाने ती तेथून भिंतींकडे वळविली नाही, तर नगराचा बराचसा इतिहास अवाचितच राहतो.

हे मंदिर पहिल्या राजराजाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. उत्तरेकडील प्राकारभिंतीवर बाहेरून कोरलेल्या त्याच्या तमिळ लेखात मंदिराच्या सेवेतील ४०० नर्तकींची नोंद आहे : नाव, रस्ता, घरांची ओळ, त्या ओळीतील कितवे घर, आणि वर्षाकाठी १०० कलम भात. (कलम हे धान्याचे माप.) दानासाठी कोरलेला हा लेख आज वाचकाला लुप्त वस्तीतून घरोघर हिंडवितो.

नैर्ऋत्य कोपऱ्यात भाषा व लिपी दोन्ही बदलतात. येथे दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत कोरविला. मराठीच्या दक्षिणदिग्विजयाची खूण म्हणून त्याचे कौतुक करणे सोपे, पण अपुरे आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला तो किल्ला व त्याचा परिसर. बहुसंख्य तमिळ प्रजेला अगम्य अशी ही वंशकथा सत्ता गेल्यावर चार वर्षांनी कोरली गेली. मार्गदर्शकाने ही दोन्ही साले लेखासमोरच सांगावीत.

पुढे ईशान्येस राजवाडा. नायकांनी आरंभिलेली ही वास्तू भोसल्यांनी वाढविली. दालने घाईने पाहिली तरी चालतील. वेळ राखावा तो सरस्वती महालाकरिता. दगडावरील मराठीशेजारी कागदावरील मराठी ठेवून पाहण्याजोगी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे तेथेच आहेत.