शरदातली परसबाग : काम वाटून घ्या, खुरपे काढून घेऊ नका

नवरात्राचे घट बसतात, तोवर पावसाळी वेलींचा भर ओसरलेला असतो. दोडक्याची पिवळी पाने मांडवावरून लोंबत असतात, भेंडीच्या शेंगा निबर झालेल्या असतात आणि पायवाटेवर शेवाळाचा हिरवा थर उरलेला असतो. परसबागेला याच दिवसांत हातांची सर्वाधिक गरज असते. अनेक घरांत वादही याच दिवसांत उभा राहतो. आजी-आजोबांना खुरपे घेऊन बागेत उतरायचे असते आणि मुला-सुनांच्या मनात ते घसरून पडण्याची धास्ती असते.

ही धास्ती निराधार नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन् महिने परावलंबी होऊ शकतो. परंतु भीतीपोटी खुरपेच काढून घेतले, तर चालणे, वाकणे, मूठ आवळणे हेही मंदावते. पाय अधिक दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतोच. शिवाय वर्षानुवर्षे ज्यांनी घराला भाजी पुरवली, त्यांच्या वाट्याला केवळ खुर्ची उरते. म्हणून या ऋतूत बागेची साफसफाई करताना कामांची विचारपूर्वक वाटणी करावी.

तरुण हातांची कामे

पहिला मान पायवाटेचा. शेवाळ खराट्याने घासून काढावे आणि वाट पूर्ण कोरडी होईपर्यंत ज्येष्ठांनी तिच्यावर पाऊल टाकू नये. पाण्याची नळी गुंडाळून ठेवावी, वाटेतल्या कुंड्या कडेला सरकवाव्यात. मांडव उतरवणे, माती खणणे, पोती उचलणे ही कामे घरातील तरुणांनी करावीत. पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्यात साप-विंचू असू शकतात. तो आधी लांब काठीने हलवावा, एकदम हात घालू नये.

कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटके डबे, जुने टायर यांत साचलेले पाणी ओतून टाकावे. डेंग्यू पसरवणारा डास अशाच पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडांना चिकटून राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करावीत.

निरोगी वेलींचे तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाकावेत. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घातल्यास दुर्गंधी येत नाही. भुरी किंवा इतर रोग पडलेली पाने मात्र खतात मिसळू नयेत. खणलेल्या मातीला आठवडाभर ऊन द्यावे, मग कुजलेले शेणखत मिसळून वाफे करावेत.

अनुभवी हातांची कामे

कोणत्या वेलाचे बी राखावे, कोणत्या वाफ्यात काय पेरावे, हा निर्णय ज्येष्ठांचा असू द्यावा. वेलावर वाळून खुळखुळणारा दोडका फोडून बी काढणे, ते सावलीत वाळवणे, बाटलीत भरून वर नाव आणि तारीख लिहिणे, ही कामे बसून करता येतात. पेरणीपूर्वी धणे हलकेच रगडून दोन फाकी कराव्या लागतात; ज्यांचे विस्मरण वाढले आहे, त्यांच्याही हातांना ही सवय पुष्कळदा आठवते. अशा व्यक्तीसोबत कोणीतरी असावे आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

उकिडवे बसणे गुडघ्यांना सोसत नसेल, तर स्थिर, रुंद पायांचे स्टूल घ्यावे. दोन ते अडीच फूट उंचीच्या ओट्यावर वा टेबलावर कुंड्या मांडल्यास वाकावे लागत नाही. बसलेले वा वाकलेले असताना एकदम उठू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना अशा वेळी घेरी येऊ शकते. आधी क्षणभर थांबावे, मग आधार धरून उभे राहावे.

आश्विनातले ऊन फसवे असते. सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतरच, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी काम करावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांचे प्रमाण पाळावे. मधुमेहींनी अनवाणी मातीत उतरू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला काटा रुतलेलाही कळत नाही. काम संपल्यावर दोन्ही तळपाय पाहावेत. मातीत जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. उंदरांचा वावर असलेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून हातमोजे व बंद पादत्राणे सर्वांनीच वापरावीत.

पेरणी आणि पान

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांचे बी आता थेट वाफ्यात पेरावे. टोमॅटो-वांग्यांची रोपे चार आठवड्यांची झाली की लावावीत. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मेथी-पालक भरपूर आला म्हणून एकाएकी खाण्यातले प्रमाण वाढवू नये. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. प्रमाण एकसारखे ठेवावे आणि बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

मेथी साधारण महिन्याभरात खुडायला येते. कोजागरीला पेरली, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास पहिली जुडी हाती लागते. वाफा तरुणांनी खणलेला असेल. बी मात्र आजीच्या मुठीतून पडू द्यावे आणि पहिली जुडीही तिनेच खुडावी.