तैवानचा डोंगरी ऊलाँग: घेताना काय पाहाल, कसा कराल?

तैवानमध्ये साधारण १००० मीटरपेक्षा उंचावर पिकणाऱ्या ऊलाँगला ‘उंच डोंगराचा चहा’ म्हणतात. गारवा आणि धुक्यामुळे पानं सावकाश वाढतात. म्हणून तुरटपणा कमी, गोडवा आणि फुलांचा वास जास्त.

🍃 घेताना
• डोंगराचं नाव पाहा: आलिशान, शानलिनशी, लीशान. लीशानचे बरेच मळे २००० मीटरच्या आसपास आहेत, त्यामुळे भावही चढा.
• तोडणी कधीची ते विचारा. वसंतातली आणि हिवाळ्यातली नावाजलेली.
• जात विचारा. ‘छिंगशिन’ फुलांच्या वासाची. १९८१ साली आलेल्या ‘चिनश्वान’ला मुळातच दुधाळ वास असतो, पण हलका. पाकीट उघडताच टॉफीसारखा भपकारा आला, तर वरून सुगंध मारलाय समजा.
• आधी २५-५० ग्रॅमच घ्या.

🫖 करताना
• लहान भांड्यात १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम. पाणी उकळतंच हवं, कारण या चहाची पानं गोळ्यांसारखी घट्ट वळलेली असतात.
• पहिल्यांदा ४५ ते ६० सेकंद. तोवर पानं सुटतात, म्हणून दुसऱ्यांदा थोडा कमी वेळ. पुढे वाढवत न्या. तीच पानं पाच-सहा वेळा सहज चालतात.
• मोठा कप असेल तर १५० मिलीला ३ ग्रॅम, ३ मिनिटं.
• दूध-साखर नको!

शेवटी भिजलेली पानं उलगडून बघा. एकाच देठावर दोन-तीन अखंड पानं दिसली, तर तोडणी हाताची. उरलेला चहा हवाबंद ठेवा, मसाल्याच्या डब्यापासून लांब.