तीन तासांत बारा पॉइंट

अमरावतीत एका ट्रॅव्हल्सच्या दुकानाबाहेर चिखलदऱ्याच्या एकदिवसीय सहलीची पाटी होती. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी, हरिकेन अशी यादी आणि आठव्या क्रमांकावर नुसतं ‘किल्ला’. ज्या गाविलगडावर वऱ्हाडाचं भवितव्य ठरलं, त्याचं नावसुद्धा नाही, हे मला फार लागलं. म्हणून पावसाळ्यातल्या एका रविवारी वर गेलो आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जागा मागून घेतली.

मुंबई बंदरात क्रूझ लागली की प्रवाशांना काही तासांत शहर दाखवून वेळेत जहाजावर पोचवणारी माणसं असतात. चिखलदऱ्यात जहाजाच्या जागी अमरावती-अकोल्याहून आलेल्या बसगाड्या. अंधाराआधी घाट उतरायचा असतो, त्यामुळे घाई तीच.

जीप चालवणारा मेळघाटातल्या कोरकू घरचा, तिशीच्या आतला. पर्यटकांशी वऱ्हाडी, घरून फोन आला की कोरकू. “तीन तासात बारा पॉइंट, भाऊ. मालकाचा हिशेब हाय,” तो म्हणाला. जीप मालकाची, याला पैसे फेरीवर. म्हणजे रस्ता धरून एका पॉइंटला पाव तास. गियरच्या दांड्याला अडकवलेलं फडकं काढून तो दर वळणाला काचेवरचं धुकं पुसत होता. उतारावर तापलेल्या ब्रेकचा जळका वास गाडीत शिरायचा आणि मागची मुलं नाक धरायची.

भीमकुंडावर भीमाने कीचकाला मारून हात धुतल्याची कथा त्याने दोन वाक्यांत उरकली. पंचबोलला प्रतिध्वनी ऐकायला सगळ्यांनी आपापल्या नावाने हाका मारल्या. मोझरीला भाजलेली कणसं घेतली. दरी कुठेच दिसली नाही, सगळीकडे धुकं. फोटो मात्र झाले.

गाविलगडाच्या शार्दूल दरवाजापाशी त्याची चाल बदलली. दगड ओला, शेवाळलेला. कमानीवर कोरलेल्या गंडभेरुंडाकडे त्याने बोट केलं. दोन तोंडांचा पक्षी, सोबत सिंह आणि हत्ती. एका लहान मुलीने विचारलं, “दादा, हा खरा पक्षी असते का?” मग तो सांगायला लागला. फतेहउल्ला विजयनगरच्या मुलखातलं कानडी घरचं पोर. बहमनी फौजेने धरून आणलं, मुसलमान केलं. पुढे तोच इमाद-उल-मुल्क झाला आणि १४९० मध्ये अचलपूरला इमादशाही उभी राहिली. हा पक्षी त्याच्या मूळ मुलखाची खूण, असं मानतात. “धरून आणलेलं पोरगं वऱ्हाडचं सुलतान झालं, ताई,” तो त्या मुलीला म्हणाला. ती बराच वेळ वर पाहत राहिली.

पुढे त्याने १८०३ ची इंग्रज-भोसले लढाई सांगितली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूला तळ देऊन बसला, स्टीव्हन्सनच्या फौजेने तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या. तिथे बाहेरची तटबंदी फोडली, आतल्या तटाला शिड्या लावल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढाईत कामी आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या हातून वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे तेव्हा त्यांच्याकडे राहिले.

हे सगळं त्याने कुठे वाचलं, मी विचारलं. “आजा सांगत जाये. मंग एका गुरुजींनं पुस्तक देल्लं.” मशीद, तलाव, तोफा, दिल्ली दरवाजा हे सगळं आत राहिलं होतं. मागून कुणीतरी घड्याळ दाखवलं. “आजूक चार बाकी हायेत ना?” तो निमूट वळला.

परतताना म्हणाला, “किल्ल्यावर जास्त थांबलो का शेवटची फेरी जाते. फेरी गेली का रोजी गेली.” तरी शार्दूल दरवाजा तो टाळत नाही. त्या पाव तासाचा अर्धा तास होतो आणि त्याची किंमत तो स्वतःच्या खिशातून मोजतो. सहल आखणाऱ्यांना याची खबरही नसते.

तीन तासांत बारा पॉइंट हा हिशेब त्याने केलेला नाही, पण त्यात भरडला जातो तोच. वऱ्हाडातल्या माणसाने तरी चिखलदऱ्याला मुक्कामी जावं. पाच-सहा पॉइंट सोडावेत, जीप फेरीवर न घेता दिवसावर घ्यावी आणि गाविलगडाला पूर्ण सकाळ द्यावी. सांगणारा तयार आहे, त्याला सांगायला आवडतं. त्याचा वेळ विकत घेणं एवढंच आपल्याकडून बाकी आहे.