भाकडकथा ठरवलेला नियम

शंभर संगणकांची लॅब उभी करायची तर कोणीही शंभर वेळा विंडोज टाकत बसत नाही. एक संगणक नीट तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज काढायची आणि ती उरलेल्या नव्व्याण्णवांवर मारायची, ही रीत आता तिशीच्या घरात आली आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या छोट्या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' हा प्रोग्रॅम लिहिला, 1998 मध्ये सिमँटेकने ती कंपनीच विकत घेतली आणि पुढे 'नॉर्टन घोस्ट'ची सीडी हे संगणक-दुरुस्ती करणाऱ्याच्या पिशवीतलं ठरलेलं हत्यार झालं. त्यानंतर नेटवर्कवरून एकाच वेळी अनेक संगणकांवर इमेज सोडणं आलं, तैवानमधून फुकटचं क्लोनझिला आलं, मायक्रोसॉफ्टने स्वतःची वितरणव्यवस्था आणली. वेग वाढला, माणसं कमी लागू लागली. हा इतिहास वाचकांना साधारण माहीत असतो आणि खरं सांगायचं तर तो फारसा रंजकही नाही. मला बरीच वर्षं खुणावतो आहे तो त्यातला एक आकडा आणि त्या आकड्यावरून झालेला वाद. तो वाद 2009 साली मिटला असं सर्वांनी धरून चाललं होतं. 2025 मध्ये तो अशा रीतीने उलटला की इमेज 'तपासली' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय तपासतो, हेच पुन्हा विचारावं लागतं.

आकडा म्हणजे एसआयडी, विंडोजचा सुरक्षा-ओळखक्रमांक. विंडोज एनटी बसताना प्रत्येक संगणक स्वतःसाठी एक क्रमांक बनवतो. त्याची सुरुवात ठरलेली असते, एस-1-5-21, आणि पुढे 32 बिटांचे तीन आकडे येतात. त्या संगणकावरच्या प्रत्येक स्थानिक खात्याचा क्रमांक म्हणजे हाच क्रमांक आणि शेवटी एक शेपूट: मूळच्या ॲडमिनिस्ट्रेटरला 500, नंतर उघडलेल्या खात्यांना 1000 च्या पुढचे आकडे. फाइल कोणाला उघडू द्यायची, हे विंडोज नावावरून ठरवत नाही, या क्रमांकावरून ठरवतं. आता इमेज मारली की हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. शंभर संगणक, सगळ्यांचा क्रमांक एक. मग एका संगणकावरचं 1001 क्रमांकाचं खातं दुसऱ्यावरच्या 1001 च्या फाइली उघडू शकेल का, ही भीती 1990 च्या दशकात रास्त वाटत होती. मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं 'सिसप्रेप' : इमेज काढण्याआधी तो चालवायचा, म्हणजे यंत्राच्या ओळखीच्या खुणा पुसल्या जातात आणि प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना नवा क्रमांक घेते. अडचण अशी की सॉफ्टवेअर भरून तयार झालेल्या, वापरात असलेल्या संगणकाचा क्रमांक बदलणं त्या काळच्या सिसप्रेपच्या आवाक्यात नव्हतं.

ती उणीव मार्क रसिनोविच यांनी भरून काढली. विंडोजच्या पोटात काय चालतं हे मायक्रोसॉफ्टबाहेर राहून त्यांच्याइतकं जाणणारा माणूस त्या काळी शोधून सापडला नसता. ब्राइस कॉग्जवेल यांच्यासोबत त्यांनी चालवलेली सिसइंटर्नल्सची फुकट साधनं जगभरच्या ॲडमिन मंडळींच्या हाताशी असत, आणि 2005 मध्ये सोनीच्या गाण्यांच्या सीडीतून चोरपावलांनी शिरणारा रूटकिट उघडकीला आणला तोही त्यांनीच. 1997 मध्ये त्यांनी 'एनटीएसआयडी' लिहिला, पुढे त्याचं नाव 'न्यूएसआयडी' झालं. चालू संगणकाची रजिस्ट्री आणि फाइलींवरच्या परवानग्या धुंडाळून जुना क्रमांक दिसेल तिथे नवा बसवायचा, असं त्याचं काम. बारा वर्षं तो लाखमोलाचा ठरला. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्ससह रसिनोविच यांनाच आपल्यात घेतलं. आणि मग नोव्हेंबर 2009 मध्ये त्यांनी हे स्वतःचंच साधन निवृत्त केलं आणि कारणं देणारा एक लांबलचक लेख लिहिला. एसआयडी दुहेरी झाल्याने बिघाड होतो ही निव्वळ भाकडकथा आहे, असं त्याच्या शीर्षकातच होतं.

हा लेख आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यातला युक्तिवाद पायरी-पायरीने चढत जातो. व्हिस्टावर न्यूएसआयडी चालवल्यावर गडबड होते अशा तक्रारी आल्या, त्या निस्तरण्याआधी रसिनोविच यांनी मूळ प्रश्न विचारला: हा क्रमांक दुहेरी असला तर बिघडतं काय? एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना विंडोज आपला यंत्रक्रमांक पुढे करत नाही. नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो, तो समोरच्या यंत्राच्या खातेवहीत तपासला जातो आणि प्रवेश मिळतो तो त्या यंत्रावरच्या खात्याचा. डोमेनमध्ये, म्हणजे एकाच मध्यवर्ती खातेवहीखालच्या संगणकांच्या गटात, तर खात्यांचे क्रमांक डोमेनच्या क्रमांकावरून बनतात आणि संगणकालाही डोमेनमध्ये वेगळा क्रमांक मिळतो. काढून नेता येणाऱ्या एनटीएफएस डिस्कवरच्या फाइलींचं काय? ती डिस्क ज्याच्या हातात आहे आणि ज्याच्याकडे ॲडमिनचा अधिकार आहे त्याला ती तशीही उघडता येते. अपवाद दिसला तो डोमेन कंट्रोलरचा, कारण डोमेनमधल्या पहिल्या कंट्रोलरचा यंत्रक्रमांकच डोमेनचा क्रमांक होतो. हा तर्क घेऊन ते विंडोजच्या सुरक्षा आणि वितरण या दोन्ही गटांकडे गेले. दुहेरी क्रमांकाने काही मोडेल असा एकही प्रसंग कोणाला सांगता आला नाही. स्वतःच्या लोकप्रिय साधनाला स्वतःच निरर्थक ठरवायचं धाडस फार थोड्यांकडे असतं. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण त्या लेखाने सिद्ध काय केलं आणि लोकांनी त्यातून घेतलं काय, यात अंतर आहे. सिद्ध एवढंच झालं की 2009 च्या विंडोजमध्ये हा क्रमांक यंत्राबाहेर कोणी वापरत नाही. लेखात हेही स्पष्ट होतं की सिसप्रेप इतरही खुणा पुसतो, अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरला जुळे संगणक एकच भासतात तशा घोटाळ्यांतून वाचवतो आणि मायक्रोसॉफ्टच्या धोरणानुसार तो सक्तीचाच राहील. तरी वाचकांच्या ध्यानात राहिलं ते शीर्षक. त्याचंही नवल नाही. सिसप्रेप हा त्रासदायक गृहस्थ आहे. विंडोज 7 च्या काळात त्यातून विंडोज सक्रिय करण्याची मुदत तीनदाच नव्याने मिळे. विंडोज 10 मध्ये एखादं स्टोअर-ॲप एकाच वापरकर्त्यापुरतं बसलेलं असलं तरी तो अडून बसे. असल्या कटकटीतून सुटायला एका दिग्गजाचा दाखला मिळाला, तर कोण सोडेल? आणि ही नुसती आळशी तंत्रज्ञांची सवय नव्हती. व्हीएमवेअरची आभासी डेस्कटॉप झपाट्याने काढून देणारी 'क्विकप्रेप' ही पद्धत नवा एसआयडी बनवत नसे, मूळ यंत्राचाच ठेवत असे, आणि ते तिच्या माहितीपत्रकात उघड नमूद होतं. मोठ्या उत्पादनांनी त्याच गृहीतकावर घर बांधलं होतं.

इथे इमेजच्या तपासणीचा प्रश्न येतो. इमेज तयार झाली की ती एका यंत्रावर मारून बघतात: सुरू होते का, ड्रायव्हर बसले का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का. मग पाच-दहा यंत्रांवर मारतात आणि मग साऱ्या मजल्यावर. या चाळणीत ढोबळ दोष अडकतात; वाटपातली ढोबळ चूकही लगेच दिसते. मे 2014 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या एमरी विद्यापीठात विंडोज 7 ची इमेज चुकून सगळ्याच विंडोज यंत्रांकडे धाडली गेली. तिचं पहिलं काम होतं डिस्क नव्याने विभागून पुसून टाकणं, आणि गफलत लक्षात येईपर्यंत ती वाटणारा सर्व्हरही स्वतःच्याच आज्ञेने पुसला गेला होता. असे प्रसंग गाजतात आणि त्यांच्यावर उपायही निघतात. पण ओळख दुहेरी असण्याचा दोष एका यंत्रात नसतोच. तो दोन यंत्रांच्या मधे असतो. एकेक यंत्र कितीही कसून तपासा, प्रत्येक उत्तीर्ण होईल. दोन चुलतभावांच्या जमिनींना एकच गट नंबर पडला तर दोघंही पिढ्यान्‌पिढ्या सुखाने कसतात. भानगड कळते ती एकाने दुसऱ्याशी व्यवहार करायला काढला की.

आणि हे विंडोजपुरतं नाही. 2012 मध्ये नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळं इंटरनेट चाळून एक अभ्यास मांडला. त्यात दूरस्थ प्रवेशाची एसएसएच सेवा देणाऱ्या यंत्रांपैकी 9.60 टक्के आणि टीएलएस वापरणाऱ्यांपैकी 5.57 टक्के यंत्रांच्या गुप्त चाव्या धोकादायक रीतीने इतर यंत्रांशी जुळत होत्या. कारखान्यातून एकाच फर्मवेअरसोबत आलेल्या चाव्या हे त्यातलं एक मोठं कारण. यातलं प्रत्येक उपकरण आपापल्या जागी ठणठणीत चालत होतं. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राला मशीन-आयडी नावाचा 128 बिटांचा क्रमांक असतो, आणि इमेजमध्ये तो रिकामा ठेवा असं सिस्टमडीचं माहितीपत्रक बजावतं. उबुंटू 18.04 च्या आभासी यंत्रांच्या प्रती काढणाऱ्यांनी ते वाचलं नाही, तेव्हा नेटवर्क कार्डाचे पत्ते वेगळे असूनही दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळू लागला, कारण पत्ता मागताना यंत्र आपली ओळख त्या क्रमांकावरून सांगत होतं. जुना क्रमांक तोच, त्याचा उपयोग करणारं सॉफ्टवेअर मात्र नवं.

विंडोजमध्ये नेमकं हेच घडायला सोळा वर्षं लागली. 29 ऑगस्ट 2025 पासूनच्या अपडेटनंतर विंडोज 11 ची 24एच2 आणि 25एच2 ही रूपं आणि विंडोज सर्व्हर 2025 यांवर विचित्र तक्रारी येऊ लागल्या. बरोबर पासवर्ड देऊनही तो पुन्हा पुन्हा विचारला जाई, सामायिक फोल्डर उघडेनात, रिमोट डेस्कटॉप जोडलं जाईना. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने खुलासा केला: या अपडेटमधली वाढीव सुरक्षा एसआयडी तपासते, आणि दोन यंत्रांचा क्रमांक एक असेल तर केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही मार्गांनी ओळख पटवणं फसतं. नोंदवहीत उमटणारा 6167 क्रमांकाचा संदेश मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद वाटतो. यंत्राची ओळख अर्धवट जुळत नाही, तेव्हा ओळख पटवण्यासाठी आलेलं हे तिकीट एक तर फेरफार केलेलं आहे किंवा वेगळ्या वेळी सुरू झालेल्या सत्रातलं आहे, असा त्याचा आशय. मी त्याचा अर्थ असा लावतो: समोरून आपल्याच क्रमांकाचा कोणी आला, तर यंत्र त्याला आपलंच जुनं, शिळं सत्र समजतं आणि दार लावून घेतं. 2009 मध्ये जो प्रसंग कोणालाच कल्पिता आला नाही, तो हा.

यावर पहिला आक्षेप असा की दोष मायक्रोसॉफ्टचा आहे. चाललेलं त्यांनी मोडलं. अर्ध्याहून जास्त मान्य. दुहेरी क्रमांक चालणार नव्हता तर संगणक डोमेनमध्ये घेतानाच नकार द्यायला हवा होता; नियम कागदावर ठेवायचा, यंत्राने तो पाळायला लावायचा नाही आणि एका मासिक अपडेटमध्ये अचानक अंमल करायचा, ही धनदांडग्यांची तऱ्हा झाली. त्यातही कायमचा उपाय म्हणून यंत्रं मान्य पद्धतीने पुन्हा उभी करा असं सांगायचं आणि तात्पुरती सूट हवी तर आमच्या मदत-विभागाकडे मागा म्हणायचं, हे गरीब संस्थांच्या जिवावर बेतणारं आहे. तरीही, क्रमांक एकमेव असेल ही हमी सिसप्रेपच्या सक्तीतून पहिल्यापासून दिलेली होती, आणि पुढचा प्रोग्रॅमर तिच्यावर विसंबला यात त्याची चूक नाही. दुसरा आक्षेप अधिक पक्का आहे: ज्याचं कारण कोणी सांगू शकत नाही असा नियम पाळत राहायचं तर विज्ञान आणि कर्मकांड यांत फरक काय? फरक आहे. रसिनोविच यांनी संगणकाचं त्या दिवशीचं वर्तन तपासलं आणि ते अचूक होतं. पण एकमेवपणाचा नियम आजच्या वर्तनाबद्दल नसतो, तो उद्या लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलेला शब्द असतो. तो शब्द अनावश्यक आहे असं दाखवायचं तर उद्याचं सॉफ्टवेअरही तपासावं लागेल, आणि ते कोणालाच शक्य नाही. उलट, न्यूएसआयडीने चालू यंत्राचा क्रमांक खरवडून बदलणं धोक्याचं होतं, म्हणून ते साधन बंद केलं ते योग्यच झालं. चुकलं ते साधनाबरोबर काळजीही निवृत्त झाली हे. आता इमेजचा जमानाच संपला, यंत्रं इंटरनेटवरून स्वतःला मांडून घेतात, असंही कोणी म्हणेल. मोठ्या कंपन्यांत ते होतं आहे. पण अपुऱ्या इंटरनेटवर साठ यंत्रं सोमवारच्या आत उभी करायची असतात त्या कॉलेजात इमेजला पर्याय नाही आणि लवकर येणारही नाही.

म्हणून ज्यांच्या हाताखाली अशी लॅब आहे त्यांना एवढंच सुचवतो. रसिनोविच यांचंच 'पीएसगेटएसआयडी' हे फुकट साधन कोणत्याही दोन संगणकांवर चालवा, किंवा स्थानिक खात्याने आत जाऊन 'हूॲमआय' ही आज्ञा 'यूझर' या पर्यायासह द्या आणि शेवटचं शेपूट सोडून बाकीचे आकडे ताडून पाहा. ते सारखे निघाले तर विंडोज 11 ची पुढची इमेज सिसप्रेपमध्ये 'जनरलाइझ' केल्याशिवाय काढू नका, आणि ती मंजूर करण्याआधी तिच्यापासून बनवलेली दोन यंत्रं समोरासमोर ठेवून एकावरून दुसऱ्याचं सामायिक फोल्डर उघडून बघा. एकटं यंत्र तपासून हे कळणार नाही.